विश्लेषण : ट्युबासाठी छोटा माऊथपीस कधी घ्यावा? त्याने काय साधते, काय निसटते?

सिम्फनी ऑर्केस्ट्रात व्हायोलिनवादक डझनांनी असतात, ट्युबावादक मात्र बहुधा एकच. पितळी वाद्यांचा सारा खर्ज त्या एकट्याच्या श्वासावर उभा असतो. पण कामात खर्जच असेल याची खात्री नसते. काही रचनांत याच अवाढव्य वाद्यावर गायिकेच्या तार षड्जापर्यंत चढत जाणारी धून वाजवावी लागते. वरचे स्वर फाटू लागले, ओठ दमू लागले की वादकाची नजर वाद्याच्या सर्वांत लहान आणि तुलनेने स्वस्त भागाकडे वळते. माऊथपीस थोडा छोटा घेतला तर? मिलिमीटर-सव्वा मिलिमीटरच्या या फरकावर जगभरचे ट्युबावादक तासन्‌तास चर्चा करतात. हा फरक नेमके काय बदलतो आणि काय बदलू शकत नाही, याविषयी.

माऊथपीस करतो काय?

सनईत पत्ती कंप पावते आणि आवाज निघतो. ट्युबा, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन या पितळी वाद्यांत अशी पत्ती नसते. वादकाचे ओठच पत्तीचे काम करतात. मिटलेल्या ओठांमधून हवा सोडली की ते थरथरतात. ही थरथर वाद्याच्या नळीतील हवेपर्यंत नेणारा दुवा म्हणजे माऊथपीस. 

त्याचे चार भाग महत्त्वाचे. ओठांना टेकणारी गोल कड, तिच्या आतली वाटी, वाटीच्या तळाशी असलेले छिद्र आणि वाद्यात बसणारा निमुळता दांडा. दांड्याला वादकांच्या भाषेत शँक म्हणतात. दांड्याच्या आतली पोकळी छिद्रापासून पुढे हळूहळू रुंदावत जाते आणि वाद्याच्या नळीला मिळते. 

वाद्य जितके खर्जातले तितकी वाटी मोठी. ट्रम्पेटच्या वाटीचा आतला व्यास १६ ते १७ मिलिमीटर असतो, ऑर्केस्ट्रातल्या ट्रॉम्बोनचा साधारण २५ ते २६. ट्युबाचा व्यास मात्र साधारण ३० ते ३४ मिलिमीटर असतो. म्हणजे ‘मोठा’ आणि ‘छोटा’ हा सारा वाद तीन-चार मिलिमीटरच्या पट्ट्यात चालतो.

एवढ्याशा फरकाने काय होते?

उदाहरण घेऊ. अमेरिकेतील बाख या कंपनीचे ‘१८’ आणि ‘२४ एडब्ल्यू’ हे ट्युबाचे दोन माऊथपीस अनेक शाळांच्या आणि हौशी बँडमध्ये दिसतात. पहिल्याच्या वाटीचा व्यास ३२.५ मिलिमीटर, तर दुसऱ्याचा ३१.२५. फरक सव्वा मिलिमीटरचा. व्यासात तो चार टक्क्यांच्या आसपास भरतो. पण ओठांचा जो भाग कडेच्या आत मोकळा राहून कंप पावतो, त्याचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर ठरते. ते साडेसात टक्क्यांनी घटते. ओठांसारख्या नाजूक स्नायूला हा बदल लगेच जाणवतो.

डग्गा आणि तबला शेजारी ठेवून पाहिले तर तत्त्व लक्षात येते. डग्ग्याचे तोंड रुंद, म्हणून त्याचा नाद खाली. तबल्याचे तोंड लहान, म्हणून नाद वर. ओठ कातड्याइतके साधे नसतात. वादक त्यांचा ताण क्षणोक्षणी बदलत असतो. तरीही दिशा तीच राहते. मोकळा भाग कमी असला की जलद कंपनासाठी लागणारा ताण धरून ठेवणे थोडे सोपे जाते. उलट खर्जातल्या संथ कंपनासाठी ओठांना ऐसपैस जागा लागते.

‘छोटा’ म्हणजे नेमके काय छोटे?

इथेच बहुतेकांची गल्लत होते. माऊथपीस एका नव्हे, अनेक अर्थांनी छोटा असू शकतो. व्यास कमी असेल, वाटी उथळ असेल, छिद्र बारीक असेल किंवा दांडा सडपातळ असेल. या प्रत्येकाचा परिणाम वेगळा.

वर उल्लेख केलेला ‘२४ एडब्ल्यू’ याचा उत्तम नमुना आहे. त्याचा व्यास ‘१८’पेक्षा कमी आहे, पण वाटी अधिक खोल आहे. नावातले ‘ए’ हे अक्षर खोल वाटीचे आणि ‘डब्ल्यू’ हे रुंद कडेचे निदर्शक. म्हणजे ओठांना तो छोटा वाटतो, पण आवाज उजळ करण्यासाठी कुणी तो घेतला तर पदरी निराशा येऊ शकते. 

आकड्यांचाही भरवसा नाही. बाखच्या क्रमांकांत आकडा जितका लहान तितका व्यास मोठा. इतर निर्मात्यांच्या पद्धती निराळ्या. जर्मन परंपरेतल्या पेरांतुची मालिकेत ‘पीटी ५०’ किंवा ‘पीटी ८८’ हे मोठ्या, खर्जाच्या ट्युबांसाठी ओळखले जातात, तर ‘पीटी ६४’ लहान एफ ट्युबासाठी. आकडा पाहून आकार ताडण्याची सोय इथे नाही. चपलांचे माप कंपनीगणिक बदलते, तसाच हा प्रकार. कॅटलॉगमधले मिलिमीटरही पूर्ण चित्र देत नाहीत. कारण व्यास कडेपासून किती आत मोजायचा, यावर सर्व निर्मात्यांचे एकमत नाही. 

आवाजाचा रंग का बदलतो?

रिकामा माऊथपीस हातात घेऊन त्याच्या कडेवर तळहाताने थाप मारली तर ‘पॉक’ असा एक ठरावीक उंचीचा आवाज येतो. ती त्या पोकळीची स्वतःची कंपनसंख्या. वाटी मोठी असेल तर हा आवाज खालचा, लहान असेल तर वरचा. संगीताच्या ध्वनिशास्त्रात यालाच माऊथपीसचा अनुनाद मानतात. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ आर्थर बेनेड यांनी पितळी वाद्यांच्या अभ्यासात याची सविस्तर मांडणी केली आहे. 

माऊथपीस आपल्या या कंपनसंख्येच्या आसपासच्या स्वरांना जास्त पाठबळ देतो. वाटीतली जागा कमी केली की ते पाठबळ वरच्या बाजूला सरकते. मूळ स्वरासोबत निघणारे वरचे उपस्वर ठळक होतात. कानाला आवाज अधिक रेखीव, उजळ, टोकदार लागतो. खोल आणि मोठ्या वाटीत उपस्वर मवाळ होतात. आवाज गोल, गडद आणि पसरट होतो. 

सुरावरही परिणाम होतो. माऊथपीसची पोकळी वाद्याच्या नळीची लांबी थोडी वाढवल्यासारखे काम करते. पोकळी घटली की एकूण सूर किंचित चढतो आणि वरचे स्वर जास्त चढण्याकडे झुकतात. म्हणून माऊथपीस बदलल्यावर ट्युनिंगची नळी पुन्हा जुळवावी लागते. कुठला स्वर चढा, कुठला उतरता, हा वाद्याचा आधीचा पाठ केलेला नकाशाही बदलतो. खोल माऊथपीसमुळे ज्या वाद्याचे वरचे स्वर सतत उतरत होते, ते उथळ वाटीने सुधारू शकते. जे आधीच चढत होते, ते आणखी बिघडते. 

छोट्या माऊथपीसची खरी गरज कुठे पडते?

याचे उत्तर ट्युबाच्या इतिहासात आहे. प्रशियातील लष्करी बँडचे प्रमुख विल्हेल्म वीप्रेख्त आणि वाद्यनिर्माते योहान गॉटफ्रीड मोरित्झ यांनी १८३५ मध्ये बर्लिनमध्ये ज्या ट्युबाचे पेटंट घेतले, तो एफ सुराचा होता. आजच्या ऑर्केस्ट्रातले अनेक ट्युबा त्याहून बरेच मोठे आहेत. एफ ट्युबाची नळी सुमारे ३.७ मीटर लांब, ई-फ्लॅटची सुमारे ४ मीटर, सी ट्युबाची ४.९ मीटर, तर सर्वांत मोठ्या बी-फ्लॅट ट्युबाची साडेपाच मीटरच्या घरात. मुळात ट्युबा हे एक वाद्य नसून एक कुटुंब आहे. 

प्रत्येक देशाने यातले वेगळे सदस्य उचलले. जर्मनी-ऑस्ट्रियात एफ आणि बी-फ्लॅटची जोडी, अमेरिकेत मुख्यतः सी आणि जोडीला एफ किंवा ई-फ्लॅट, ब्रिटनमध्ये ई-फ्लॅट. फ्रान्समध्ये तर दीर्घकाळ सहा कळांचा इवलासा सी ट्युबा वापरात होता. त्याची नळी अमेरिकी सी ट्युबाच्या निम्मी आणि सूर पूर्ण एक सप्तक वर. 

गोंधळ सुरू होतो तो इथे. मुसोर्गस्कीच्या ‘पिक्चर्स ॲट ॲन एक्झिबिशन’ या पियानोरचनेचे मॉरिस राव्हेल यांनी १९२२ मध्ये ऑर्केस्ट्रासाठी रूपांतर केले. त्यातल्या ‘बिड्लो’ या बैलगाडीच्या चित्रात मुख्य धून ट्युबाला दिली आहे. राव्हेल यांच्या डोळ्यांसमोर तो छोटा फ्रेंच ट्युबा होता. ही धून चढत चढत हार्मोनियमच्या मध्य सप्तकातल्या काळी चारपर्यंत जाते. काळी चार पट्टीत गाणाऱ्या गायिकेचा तार षड्ज साधारण तिथेच येतो. मोठ्या सी ट्युबावर आणि खोल माऊथपीसवर हा प्रवास जिवावर येतो. म्हणून आज बरेच वादक इथे एफ ट्युबा आणि त्याला साजेसा छोटा माऊथपीस घेतात. काही ऑर्केस्ट्रांत ही धून सरळ युफोनियमवर वाजवली जाते. 

जुन्या रचनांतही असाच पेच आहे. मेंडेल्सन यांचे ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’चे ओव्हर्चर किंवा बर्लियोझ यांची १८३० ची ‘सिम्फनी फँटास्टिक’ लिहिली गेली तेव्हा ट्युबा जन्मालाच आला नव्हता. त्यातले खालचे स्वर ऑफिक्लाइडसारख्या सडपातळ वाद्यांसाठी होते. ते आज ट्युबावर वाजतात. तिथे गडद, जाड आवाज आला तर तो लाकडी वाद्यांना गिळून टाकतो. ब्राम्स यांच्या चार सिम्फनींपैकी फक्त दुसरीत ट्युबा आहे. तिथेही तो तीन ट्रॉम्बोनचा चौथा सोबती म्हणून वावरतो. अशा ठिकाणी रेखीव आवाजाचे वाद्य आणि छोटा माऊथपीस ही जोडी शोभते. राल्फ व्हॉन विल्यम्स यांनी १९५४ मध्ये लिहिलेला ट्युबा कन्चेर्तो किंवा पाच पितळी वाद्यांच्या ब्रास क्विंटेटमधली भूमिका यांचाही कल त्याच दिशेला. 

मग सगळीकडेच छोटा का वापरू नये?

कारण किंमत खर्जात मोजावी लागते. प्रोकोफिएव्ह यांची पाचवी सिम्फनी, व्हाग्नर यांचे ‘राइड ऑफ द व्हाल्किरीज’ किंवा ‘माइस्टरझिंगर’चा प्रील्यूड यांत ट्युबाने सर्व पितळी वाद्यांखाली जमीन घालायची असते. छोट्या वाटीत खालचे ओठ मोकळे थरथरत नाहीत. स्वर लागतो, पण पोकळ किंवा कुरकुरत लागतो. जोर वाढवला तर फाटतो. मोठ्या सभागृहात मागच्या रांगेपर्यंत जे भरीव काही पोहोचायला हवे, ते पोहोचत नाही. 

छिद्र बारीक असेल तर आणखी एक अडचण येते. ट्युबाच्या माऊथपीसचे छिद्र साधारण आठ मिलिमीटरच्या आसपास असते. खालच्या स्वरांना कमी दाबाने पण पुष्कळ हवा लागते. वाट अरुंद झाली की हवा अडते. श्वास पुरतो खरा, पण स्वर गुदमरतो. दमाची बचत झाली असे वादकाला वाटते आणि आवाज बारीक झाल्याचे शेजारच्या ट्रॉम्बोनवादकाला कळते. 

म्हणूनच मोठ्या ट्युबांसाठी खोल, नरसाळ्यासारख्या वाटीचा माऊथपीस शंभरहून अधिक वर्षे टिकून आहे. सूसा यांच्या गाजलेल्या बँडमधील ट्युबावादक ऑगस्ट हेलेबर्ग यांच्या नावाने ओळखला जाणारा हेलेबर्ग नमुना हे त्याचे सर्वांत प्रसिद्ध रूप. 

वरचे स्वर खरोखर सोपे होतात का?

काही प्रमाणात होतात. विशेषतः टिकून राहण्याच्या बाबतीत. ज्याला वरचे स्वर आधीपासून लागतात, पण तासाभरात ओठ थकतात, त्याला छोटा माऊथपीस नक्की हात देतो. ज्याला ते मुळात लागतच नाहीत, त्याला मात्र माऊथपीस ते स्वर आणून देत नाही. वरचा स्वर ओठांची पकड, हवेचा वेग आणि स्वर आधी मनात ऐकू येणे यांतून निघतो. 

शिकागो सिम्फनीत १९४४ ते १९८८ अशी ४४ वर्षे ट्युबा वाजवणारे आर्नोल्ड जेकब्स हे विसाव्या शतकातले या विषयातले सर्वांत मोठे शिक्षक मानले जातात. त्यांना दम्याचा त्रास होता आणि उतारवयात फुप्फुसांची क्षमता घटली होती. तरीही त्यांची ओळख मोठ्या यॉर्क ट्युबाच्या भरदार आवाजासाठी आहे. ‘गाणे आणि श्वास’ हे त्यांच्या शिकवणीचे सूत्र. स्वर मनात गायचा आणि त्याला मोकळी हवा पुरवायची. उपकरणाचा क्रमांक त्यानंतर. 

नव्या माऊथपीसचा एक भ्रमही असतो. पहिल्या दोन-चार दिवसांत वरचे स्वर झटक्यात लागू लागतात. त्याचे एक कारण म्हणजे कडेची जागा बदलल्याने ओठांचा ताजा भाग कामाला लागतो. शिवाय नवी वस्तू हातात असली की वादक जास्त लक्ष देऊन वाजवतो. पंधरा-वीस दिवसांत जुन्या सवयी परततात आणि त्यासोबत जुन्या अडचणीही. अनेक वादकांच्या कपाटात दहा-बारा माऊथपीस जमा होतात ते या चक्रातून. 

एकाच खुर्चीसाठी दोन माऊथपीस?

ऑर्केस्ट्रात ट्युबाची जागा एक आणि ती रिकामी होते क्वचित. जेकब्स यांच्या ४४ वर्षांत शिकागोत या कायम जागेची वाट पाहणाऱ्यांची एक अख्खी पिढी निघून गेली. त्यामुळे एका जागेसाठी कित्येक उमेदवार येतात. अनेक ठिकाणी पडद्याआडून ऑडिशन होते. त्यात काही मिनिटांच्या अंतराने ‘बिड्लो’ची उंच धून, माहलरच्या पहिल्या सिम्फनीतल्या तिसऱ्या भागातले हळुवार एकल वादन आणि व्हाग्नरचा गर्जणारा खर्ज असे सगळे मागितले जाऊ शकते. परीक्षकांना उमेदवाराचा माऊथपीस दिसत नाही, फक्त आवाज ऐकू येतो. 

अशा वेळी व्यावसायिक वादकांचा रूढ मार्ग असा आहे : मोठ्या ट्युबासाठी मोठा माऊथपीस, लहान ट्युबासाठी छोटा, पण दोन्हींची कड शक्यतो एकसारखी. कडेचा व्यास आणि गोलाई तीच राहिली तर ओठांना घर बदलल्यासारखे वाटत नाही. फरक फक्त वाटीच्या खोलीत आणि छिद्रात ठेवायचा. कड आट्यांनी वेगळी करता येते असे माऊथपीस याच कारणाने बनवले जातात. एकच कड दोन-तीन वाट्यांवर फिरवता येते. 

याच्या उलट मार्ग म्हणजे मोठ्या ट्युबाला छोटा माऊथपीस लावून एकाच वाद्यावर सगळे भागवायचे. दुसरे वाद्य घेण्याची ऐपत नसलेल्या विद्यार्थ्यापुढे बऱ्याचदा हाच पर्याय असतो. तो चालतो, पण मर्यादेत. रुंद नळीच्या वाद्याला फार उथळ वाटी लावली तर दोघांचे पटत नाही. आवाज ना उजळ ना गडद असा अधांतरी राहतो आणि काही स्वर सुरातच बसत नाहीत. 

लहान मुलांचे आणि नवशिक्यांचे काय?

इथे छोट्या माऊथपीसची बाजू सर्वांत भक्कम आहे. दहा-अकरा वर्षांच्या मुलाचे तोंड लहान, ओठांचे स्नायू अजून तयार व्हायचे आहेत. मोठ्या माणसाच्या मापाची वाटी दिली तर कड नाकाला आणि हनुवटीला टेकते. तोंडाच्या कडांतून हवा सुटते. मूल वाद्य ओठांवर दाबून कसेबसे स्वर काढते. ही दाबण्याची सवय पुढे सुटता सुटत नाही. अशा मुलाला मध्यम किंवा छोट्या व्यासाचा माऊथपीस देऊन वर्षा-दोन वर्षांनी मोठ्यावर नेणे हा शहाणपणाचा क्रम. 

प्रौढांनाही दाबण्याचा धोका आहेच. वरचे स्वर काढण्यासाठी माऊथपीस ओठांवर रेटला की रक्तपुरवठा कमी होतो आणि ओठ बधिर होतात. छोट्या माऊथपीसची कड जर अरुंद असेल तर तोच दाब कमी जागेत एकवटतो. त्रास घटण्याऐवजी वाढतो. वाजवताना दुखत असेल किंवा वर्षानुवर्षे सहज लागणारे स्वर अचानक हुकू लागले असतील, ओठांवरचा ताबा जात असेल, तर नवा माऊथपीस हा त्यावरचा इलाज नव्हे. पितळी वाद्ये वाजवणाऱ्यांत ओठांच्या स्नायूंना इजा होण्याचे आणि फोकल डिस्टोनियासारख्या मज्जासंस्थेच्या विकाराचे प्रकार आढळतात. तिथे आधी विश्रांती, जाणत्या शिक्षकाचा सल्ला आणि डॉक्टरांची तपासणी हवी. 

निवड करताना काय तपासावे?

पहिले म्हणजे दांडा. ट्युबांच्या दांड्यांची मापे एक नाहीत. अमेरिकी, युरोपीय आणि जुने ब्रिटिश अशी निदान तीन मापे प्रचलित आहेत. युरोपीय मापाच्या वाद्यात अमेरिकी दांडा घातला तर तो गरजेपेक्षा जास्त आत जातो. उलट केले तर बाहेर राहतो. माऊथपीस डुगडुगत असेल तर वाटी कितीही उत्तम असो, स्वर नीट पकडला जात नाही. कागदाची पट्टी गुंडाळून वेळ मारून नेता येते, पण तशा अवस्थेत माऊथपीस चांगला की वाईट हे ठरवता येत नाही. 

दुसरे, एका वेळी एकच गोष्ट बदलावी. अडचण वरच्या स्वरांत थकवा येण्याची असेल तर आधी व्यास थोडा कमी करावा, खोली तशीच ठेवावी. आवाज गढूळ आणि पसरट असेल तर व्यास तोच ठेवून वाटी उथळ करावी. दोन्ही एकदम बदलले तर गुण कशाचा आणि दोष कशाचा, ते उलगडत नाही. 

तिसरे, कसोटी खर्जावर घ्यावी. दुकानात माऊथपीस हाती आला की प्रत्येक जण आधी वरचे स्वर काढून पाहतो आणि खूश होतो. खरी परीक्षा खालच्या स्वरांची असते. अगदी हळू आवाजात, जिभेचा फटका न देता खालचा स्वर सुरू होतो का? तो दहा सेकंद स्थिर राहतो का? खालून वर सलग जाताना मध्ये कुठे आवाजाची जात बदलते का? ट्युनरवर कुठले स्वर चढतात? 

चौथे, कान दुसऱ्याचा हवा. ट्युबाचे तोंड वादकाच्या डोक्यावर वर उघडते. वादकाला जो आवाज ऐकू येतो तो श्रोत्याला ऐकू येत नाही. छोट्या माऊथपीसचा उजळ आवाज वादकाला जवळून छान वाटतो, तर वीस पावलांवर तोच बारीक लागतो. कधी नेमके उलटही घडते. माऊथपीसचे नाव न सांगता आलटूनपालटून तोच तुकडा वाजवावा आणि दूर बसलेल्या सहकाऱ्याचे मत घ्यावे. तेही शक्य नसेल तर मोबाइल खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवून ध्वनिमुद्रण करावे. 

पाचवे, निकाल दोन-तीन आठवड्यांनी लावावा. कार्यक्रमाच्या किंवा ऑडिशनच्या तोंडावर माऊथपीस बदलू नये. आणि जुना माऊथपीस लगेच विकू नये. 

महाराष्ट्रात हा प्रश्न कुणाचा?

ट्युबा इथे अपरिचित नाही. लष्कर आणि पोलिसांच्या बँडमधून त्याचा आवाज संचलनाच्या मैदानावर ऐकू येतो. दरवर्षी २९ जानेवारीला दिल्लीत होणाऱ्या ‘बीटिंग रिट्रीट’च्या थेट प्रक्षेपणातही तो दिसतो. खांद्यावरून अंगाभोवती वेढलेला सूझाफोन हा ट्युबाचाच भाऊ. मुंबईत २००६ मध्ये ‘एनसीपीए’त स्थापन झालेल्या सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाच्या मैफलींत पाश्चात्त्य अभिजात संगीतातला ट्युबा ऐकता येतो. देशातल्या बँडपथकांची पितळी वाद्ये मोठ्या प्रमाणावर मेरठच्या जली कोठी भागात बनतात. 

चालत किंवा उभ्याने तासन्‌तास वाजवणाऱ्या बँडवाल्याची गरज ऑर्केस्ट्रातल्या वादकापेक्षा वेगळी आहे. त्याला उंच एकल धून क्वचित वाजवावी लागते. पण उघड्या मैदानावर आवाज ऐकू जायला हवा आणि शेवटच्या गाण्यापर्यंत ओठ टिकायला हवेत. अशा वादकाला अतिखोल वाटीपेक्षा मध्यम वाटी आणि थोडी रुंद, आरामशीर कड सोयीची ठरते. बँडच्या सामायिक वाद्यावर एकाचा माऊथपीस दुसऱ्याने वापरणे आरोग्याच्या दृष्टीनेही बरे नाही. वाद्य पथकाचे असले तरी माऊथपीस स्वतःचा असावा आणि तो आपल्या तोंडाच्या मापाचा असावा. वाद्याच्या किमतीच्या मानाने हा खर्च थोडका आहे. त्यातला पहिला पैसा मात्र दांड्याचे माप नीट बसवण्यावर घालावा. व्यास आणि खोलीचा विचार त्यानंतर.